न्हाणी, मोरी आणि बाथरूम : बारामती-इंदापूर परिसरातील शब्द व अल्प जागेचा विनियोग

घरातील ज्या जागेस आज सर्रास 'बाथरूम' असे म्हटले जाते, तिच्यासाठी मराठीत पूर्वीपासून अनेक शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. न्हाणी, न्हाणीघर, मोरी, आडोसा ह्या शब्दांनी दाखविलेल्या वस्तू आकाराने, बांधणीने व उपयोगाने भिन्न होत्या. बारामती व इंदापूर ह्या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत आज नवी घरे मोठ्या प्रमाणावर उभी राहत आहेत आणि त्यांतील बहुतेकांत स्नानाची जागा लहान आहे. लहान जागेत सोय कशी साधावी हा प्रश्न सामान्यतः गवंड्याचा किंवा अभियंत्याचा समजला जातो. तथापि ह्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर बोलीतील शब्दांत साठविलेले आहे आणि ते शब्द मागे पडत असताना त्यांच्यातील ज्ञानही मागे पडत आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. संस्कृत 'स्नान' ह्याचे प्राकृतात 'ण्हाण' झाले व त्यावरून मराठीत 'न्हाण', 'न्हाणे', 'न्हाणी' हे शब्द आले. हिंदीने 'नहाना' असा स्वर मध्ये घालून उच्चार सैल केला. मराठीने महाप्राण अनुनासिक 'न्ह' कायम ठेवला. ग्रामीण बोलीत 'ण'चा 'न' होत असल्याने बारामती-इंदापूरकडे 'न्हानी' असा उच्चार ऐकू येतो. 'न्हाणी' म्हणजे न्हाण्याची जागा. नाव क्रियेवरून पडले आहे. 'मोरी'चे तसे नाही. हा शब्द हिंदी-उर्दूतही आहे; तेथे त्याचा अर्थ नाली, सांडपाण्याचा मार्ग एवढाच. मराठीत मात्र पाणी वाहून जाण्याच्या भोकाचे नाव त्या भोकाभोवतीच्या सगळ्या ओल्या कोपऱ्यास मिळाले. अवयवाच्या नावाने संपूर्ण वस्तूचा निर्देश व्हावा हा अर्थविस्ताराचा परिचित प्रकार होय. शेजारच्या कन्नडमध्येही असेच घडले आहे : 'बच्चलु' ह्या शब्दाने तेथे सांडपाण्याची मोरीही दाखविली जाते आणि न्हाणीघरही. पाणी आणणे ही कष्टाची गोष्ट असली तरी ते घालविणे ही घराच्या बांधणीतील अधिक अवघड गोष्ट होती, हे ह्या दोन भाषांच्या साक्षीवरून दिसते. मातीच्या भिंतीच्या घराला ओल लागली की घराचे आयुष्य कमी होते. म्हणून ज्या ठिकाणी पाणी बाहेर पडू शकते ती आणि तेवढीच जागा मोरी.

ह्याला व्याकरणाचाही दुजोरा मिळतो. मराठीत 'मोरीवर भांडी घासली', 'मोरीवर हातपाय धुतले' असे म्हणतात. विहिरीवर, नळावर, ओट्यावर ह्याप्रमाणेच मोरीवर. 'बाथरूम'ला मात्र 'मध्ये' हे शब्दयोगी अव्यय लागते. 'वर' म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात एक उघडा पृष्ठभाग असतो, ज्यावर काही काळापुरते एखादे काम होते आणि नंतर दुसरे. 'मध्ये' म्हणताना चार भिंतींनी बंद केलेली खोली असते. मोरीवर सकाळी अंघोळ, दुपारी भांडी, संध्याकाळी हातपाय धुणे अशी कामे एकापाठोपाठ होत. मुंबईच्या चाळीतील एका खोलीच्या घरात स्वयंपाकाच्या कोपऱ्यातील हातभर उंचीच्या कठड्याची मोरी हीच सारी कामे करीत असे. पडदा ओढला की ती न्हाणी होई, सारला की पुन्हा मोरी. जागेची उणीव वेळेच्या वाटपाने भरून काढण्याची ही रीत होती. 'बाथरूम' हा शब्द घरात आला तेव्हा खोलीची कल्पना आली, दार आले, कडी आली. एकान्त मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याबरोबर जागा एका कामाला बांधली गेली.

एकान्ताविषयी येथेच सांगितले पाहिजे, कारण जुन्या व्यवस्थेचे कौतुक करताना तो भाग विसरला जातो. 'आडोसा' हा शब्द पाहावा. त्यात 'आड' स्पष्ट आहे. तट्ट्या, पाचट, जुने लुगडे किंवा गोणपाट ह्यांच्या आधाराने परसात उभारलेली बिनछपराची जागा म्हणजे आडोसा. २०११ च्या जनगणनेत घरयादीच्या वेळी स्नानाच्या सोयीविषयी जो प्रश्न होता त्यात घराच्या आवारात बाथरूम आहे, छत नसलेला आडोसा आहे, की काहीच नाही, असे तीन पर्याय होते. गणतीच्या रुक्ष भाषेतही आडोशाला स्वतंत्र रकाना द्यावा लागला, ह्यावरून तो किती रूढ होता हे समजते. अशा आडोशात स्त्रिया उजाडायच्या आत अंघोळ उरकीत. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी ह्या काळात त्या जागेची अपुरेपणाची जाणीव सर्वांत तीव्र होई. मराठीत 'अडचण' हा एकच शब्द जागेच्या कोंदटपणासाठी, संकटासाठी आणि स्त्रियांच्या पाळीसाठीही वापरला गेला, ही गोष्ट कोशकाराने केवळ अनेकार्थी शब्द म्हणून नोंदवून पुढे जाण्यासारखी नाही. म्हणून आडोशाकडे परत जावे असे कोणी सुचविणार नाही. प्रश्न एवढाच की, मिळालेली चार भिंतींची खोली लहान असेल तर तिचा पुरेपूर उपयोग कसा करावा.

लहान म्हणजे किती? राष्ट्रीय इमारत संहितेने स्वतंत्र स्नानगृहाचे किमान क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर व किमान रुंदी १.२ मीटर सांगितली आहे. स्नानगृह व शौचकूप एकत्र असल्यास किमान २.८ चौरस मीटर. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे; त्याआधीच्या इंदिरा आवास योजनेत ते २० होते. पंचवीसांतून २.८ वेगळे काढले तर घराचा सुमारे नववा भाग गेला. कुटुंबाला तो जड वाटतो, आणि मग मिळेल त्या कोपऱ्यात १.२ बाय १.५ मीटरची खोली निघते.

ह्या १.८ चौरस मीटरचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पाऊण मीटर रुंदीचे दार आत उघडत असेल तर ते फिरताना वर्तुळाचा चतुर्थांश अडविते. म्हणजे सुमारे ०.४४ चौरस मीटर, खोलीचा जवळजवळ पाव हिस्सा. कोपऱ्यात दोनशे लिटरचे पिंप ठेवले तर त्याचा व्यास अदमासे ५८ सेंटिमीटर. गोल वस्तूमागचा कोपरा निरुपयोगी होतो, तो धरून ०.३४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. दार आणि पिंप ह्या दोघांनी मिळून खोलीचे चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र घेतले. माणसासाठी एक चौरस मीटर उरला. त्यात बादली, तांब्या, पाट, कपडे आणि साबण. खोली लहान आहे अशी तक्रार जेथे ऐकू येते तेथे बहुधा ह्या दोन वस्तूंकडे प्रथम पाहावे. फरशीचा रंग आणि आरसा ह्यांचा विचार नंतर.

दाराचा उपाय सोपा आहे. ते बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. बाहेर उघडणाऱ्या दाराला आणखी एक कारण आहे. घरातील वृद्ध माणूस आत घसरून पडले आणि त्याचे शरीर दाराला टेकले, तर आत उघडणारे दार बाहेरून ढकलता येत नाही. लहान खोलीत पडलेले माणूस दारालाच टेकण्याचा संभव अधिक. कडीही बाहेरून उघडता येईल अशी असावी. जुन्या न्हाणीला कित्येक घरांत दारच नसे, पडदा असे, त्यामुळे हा धोका जुन्या अनुभवात नव्हता आणि म्हणून त्याविषयीची सावधगिरीही परंपरेने दिलेली नाही. ती नव्याने शिकावी लागेल.

पिंपाचा प्रश्न मात्र पाण्याच्या भूगोलाशी जोडलेला आहे. बारामती तालुक्याचे दोन भाग तेथील लोक नेहमीच्या बोलण्यातही वेगळे करतात : बागायती आणि जिरायती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेल्या नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या दक्षिणेकडील गावांना मिळाले, ती उसाची गावे झाली. सुप्याकडील उत्तरेचा पट्टा पावसावर राहिला. इंदापूर तालुक्यातही कालव्याचा भाग, १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाचा काठ आणि कोरडा माळ असे भेद आहेत. ह्या भेदांचा परिणाम न्हाणीघरावर झाल्यावाचून कसा राहील? जेथे पाणी रोज व ठरल्या वेळी येते तेथे न्हाणीघर केवळ पाणी वापरण्याची जागा असते. जेथे ते दिवसाआड किंवा टँकरने येते तेथे न्हाणीघर हेच कोठार होते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. पाच माणसांच्या घरास ते २७५ लिटर होते; पाणी दिवसाआड आले तर ५५० लिटर साठविले पाहिजे. हा सारा साठा जमिनीवर ठेवायचा म्हटल्यास कोणतेही लहान स्नानगृह पुरणार नाही.

जुन्या घरांनी हा साठा उंचीत मांडला होता. 'उतरंड' हा शब्द धान्याच्या मडक्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण हंड्यावर कळशी व कळशीवर तांब्या ही पाण्याची उतरंडही तितकीच परिचित आहे. पायाखालच्या वीतभर जागेत तीन भांडी उभी राहत. आजच्या खोलीत हेच तत्त्व पोटमाळ्याने साधता येते. जमिनीपासून २.१ मीटरवर, दाराच्या किंवा शौचकूपाच्या माथ्यावर, १.२ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच अशी टाकी बसविली तर तीत सुमारे २१६ लिटर पाणी मावते आणि जमिनीवरचे पिंप नाहीसे होते. मात्र इतक्या पाण्याचे वजन २१६ किलोग्रॅम भरते, हे विसरून ती चार इंची पडदीवर टेकवू नये. खाली सिमेंट-काँक्रीटची पट्टी घालून तिची टोके भारवाही भिंतीत किंवा तुळईत नेली पाहिजेत. टाकीला झाकण व तळाशी धुण्याची तोटी आवश्यक, नाहीतर डासांची पैदास घरातच होईल. ज्यांच्या छपराला असे वजन पेलत नाही त्यांनी पिंप न्हाणीघराच्या भिंतीबाहेर ओट्यावर ठेवून तोटी तेवढी आत घ्यावी. भिंत तीच; साठा मात्र बाहेर गेला.

आता खोलीच्या आकाराकडे वळू, कारण येथे भाषेने एक उपयुक्त भेद जपला आहे. 'अंघोळ' आणि 'न्हाणे' ह्यांचा अर्थ एकच नाही. पहिल्या शब्दात 'अंग' दिसतेच. अंगावरून पाणी घेणे ती अंघोळ. डोक्यावरून, केस धुऊन, शिकेकाई लावून केलेले ते न्हाणे. स्त्रियांच्या बोलण्यात हा भेद अजून स्पष्ट असतो : 'आज नुसती अंघोळ केली, न्हाले नाही.' ह्याखेरीज तिसरी क्रिया आहे 'न्हाऊ घालणे'. तीत करणारी एक व करून घेणारा दुसरा असतो. तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला न्हाऊ घालतात. तिन्ही क्रियांना लागणारी जागा निराळी आहे. पाटावर बसून, पुढ्यात बादली घेऊन अंघोळ करणाऱ्यास पाऊण मीटर रुंद व जवळजवळ एक मीटर लांब एवढा तुकडा पुरतो. केस धुताना माणूस पुढे वाकतो, म्हणून समोर मोकळी जागा हवी. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई पाटावर बसून पाय पुढे पसरते व मूल पायांवर घेते. तिच्या पाठीपासून टाचेपर्यंत सव्वा मीटर तरी लागते, शिवाय पाण्याची बादली तिच्या हाताशी व धरायला दुसरी बाई. ह्यावरून निघणारा निष्कर्ष असा की, तेवढ्याच क्षेत्रफळात चौरस खोलीपेक्षा लांबट खोली अधिक कामाची. १.३५ मीटर बाजूचा चौरस आणि १.२ बाय १.५ मीटरचा आयत ह्यांचे क्षेत्र जवळजवळ सारखेच. पण पाय पसरायला आयतच बरा, अर्थात त्याच्या लांबीच्या टोकाला पिंप नसेल तर. नकाशा काढणारा 'बाथ' हा एकच शब्द जाणत असेल तर त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहून शॉवर घेणारा एकटा तरुण येतो. न्हाऊ घालणाऱ्या दोन बायका त्याला दिसत नाहीत.

खोलीचे विभाग पाडताना ओले व कोरडे हा भेद मुख्य मानावा. मोरीच्या कल्पनेत तो मूळचाच होता : कठड्याच्या आत ओले, बाहेर कोरडे. स्नानगृह व शौचकूप एकत्र असलेल्या १.२ बाय २.३५ मीटरच्या लांबट खोलीत दाराजवळ कोपऱ्यातील लहान बेसिन, मध्ये शौचपात्र आणि टोकाला, खिडकीखाली, स्नानाची जागा असा क्रम ठेवावा. टोकाची फरशी दोन-तीन सेंटिमीटर खोलगट ठेवून तिला ढाळ दारापासून दूर, टोकाच्या कोपऱ्याकडे द्यावा. दर मीटरला सुमारे दोन सेंटिमीटर ढाळ पुरतो. त्याहून अधिक दिला तर पाट डुगडुगतो व म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरतो. ढाळ चुकला तर लहान खोली आणखी लहान होते, कारण सगळी जमीन ओली राहिल्याने कोरडे पाऊल ठेवायला जागाच उरत नाही. गुळगुळीत चकचकीत फरशीचा मोह ह्या ठिकाणी टाळावा. पूर्वीची खडबडीत शहाबादी फरशी अंधारी दिसे खरी, पण पाय धरून ठेवी.

ढाळ जेथे संपतो तेथील जाळीखालच्या भांड्याला भारतभरचे अभियंते व नळकामगार 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. दिल्लीचा किंवा कोलकात्याचा कारागीरही हेच नाव उच्चारतो, तो शब्द कोठला हे न जाणता. ही आपली 'न्हाणी'च होय; इंग्रजी लेखनातून जाताना 'न्ह' ह्या जोडाक्षराची फोड होऊन मध्ये 'अ' शिरला आणि शब्द हिंदीच्या वळणावर गेला. पश्चिम भारतातील बांधकामाच्या परिभाषेतून तो देशभर पसरला असे मानण्यास जागा आहे. घरातल्या बोलण्यातून 'न्हाणी' उठत चालली असताना ती अभियांत्रिकीच्या पुस्तकात मात्र टिकून राहिली. ह्या भांड्यात सुमारे पाच सेंटिमीटर खोलीचे पाणी नेहमी राहते व त्यामुळे गटारातील दुर्गंधी वर येत नाही. लहान खोलीत हे पाणी आटू न देणे फार महत्त्वाचे, कारण दुर्गंधीला पसरायला जागा थोडी असते.

पाण्याच्या भांड्यांची नावेही असाच प्रवास सांगतात. पोर्तुगीज 'बाल्द'वरून हिंदीत 'बालटी' झाले. मराठीत 'बालदी' आणि वर्णविपर्ययाने 'बादली'. बादली येण्यापूर्वी न्हाणीत घंगाळ असे : रुंद तोंडाचे, दोन कड्यांचे, तांब्याचे किंवा पितळेचे. घंगाळाचा घेर मोठा असल्याने त्याला जमीन फार लागे. बादलीने तेच पाणी उंचीत घेतले. बंबाची गोष्ट वेगळी. पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब मध्ये निखारे व भोवती पाणी अशा रचनेचा असल्याने त्याच्या धुरासाठी तो परसात किंवा पडवीत ठेवावा लागे आणि तापलेले पाणी तोटीतून काढून न्हाणीत नेत. जागा त्यामुळे वाचे. पण महत्त्वाचे हे की जळणारी वस्तू बंद खोलीच्या बाहेर राही. आज गॅसवर चालणारा गीझर भिंतीवर टांगता येतो व जमीन अडत नाही, म्हणून तो लहान न्हाणीघरात सोयीचा मानला जातो. हवा खेळती नसलेल्या लहान खोलीत तो पेटविला असता प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. अशा घटनांत माणसे प्राणास मुकली आहेत. गॅसचा गीझर बंबाच्याच जागी, म्हणजे बाहेर, बसवावा व आत फक्त नळी आणावी. विजेचा गीझर किंवा छपरावरील सौर उष्णजलयंत्र ह्यांना हा दोष नाही. विजेच्या गीझराला आर्थिंग चांगले हवे, एवढेच.

भिंतीचा उपयोग हा जुन्या घराचा खरा गुण. बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यातील माळवदाच्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असत. एवढ्या जाडीत कोनाडा, देवळी, फडताळ सहज काढता येई व वस्तू भिंतीच्या आत बसत. शिकेकाईची वाटी, पाय घासण्याची वजरी, तेलाची कुपी, दिवा. कशानेही माणसाच्या खांद्याला धक्का लागत नसे. नव्या घरात खांब-तुळयांच्या सांगाड्यात चार किंवा सहा इंची भिंत येते. तीत कोनाडा निघत नाही, म्हणून फळ्या भिंतीच्या बाहेर येतात आणि १.२ मीटरच्या रुंदीतून वीतभर रुंदी खातात. ह्यावर उपाय असा की, सर्व भिंती नाहीत तरी एक भिंत, शक्य तर कोरड्या बाजूची, नऊ इंची ठेवावी व बांधतानाच तीत दहा-बारा सेंटिमीटर खोलीचे कोनाडे सोडावेत. माथ्यावर दगडाची किंवा काँक्रीटची पट्टी, तळाला किंचित बाहेरच्या बाजूस ढाळ. बांधून झाल्यावर भिंत फोडून कोनाडा काढणे धोक्याचे. नळ व विजेच्या तारा तेथेच असतात.

खुंटी, दांडी, वलणी हे शब्द उंचीच्या क्रमाने लावून पाहिले असता न्हाणीघराची उभी रचना हाती येते. बसून अंघोळ करणाऱ्याच्या अंगावरचे पाणी साधारणपणे चार फुटांच्या वर उडत नाही. त्यावरचा भिंतीचा सारा भाग कोरडा धरता येतो. उभ्याने शॉवर घेतल्यास हाच भाग ओला होतो आणि खोलीतील साठवणीची निम्मी जागा हातची जाते. पाटावर बसण्याची सवय सोडण्यापूर्वी ही किंमत ध्यानात घ्यावी. चार फुटांवर साबण-तेलाचा कोनाडा, दारामागे खुंट्या, डोक्यावर दांडी, आणि छताला कप्पीवर चढविता येणारी कपडे वाळविण्याची दांडी, हा क्रम कोणत्याही लहान खोलीत बसतो. कप्पीच्या दांडीचा आणखी एक उपयोग आहे, जो सहसा बोलून दाखविला जात नाही. पाळीचे कापड धुऊन ते कोणाच्या नजरेस न पडेल असे, पण वाऱ्यावर व उजेडात वाळवायला बाईला जागा हवी असते. ती न मिळाल्यास ते कापड अंधारात, ओलसर राहते व आरोग्य बिघडते. उंचावरची जाळीदार खिडकी व तिच्याजवळची दांडी ह्यांनी ती सोय होते. पाट अंघोळ झाल्यावर खुंटीला टांगावा. वृद्धांसाठी आधाराची पक्की दांडी भिंतीत बसवावी. ती भिंतीपासून चार बोटेच पुढे येते. प्लास्टिकच्या पोकळ दांडीवर विसंबू नये.

फिकट फरशी, मोठा आरसा, काचेचे तावदान ह्यांनी खोली मोठी भासते हे खरे. पण भासण्याने कोपर भिंतीवर आपटायचे थांबत नाही, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही. धुणे-भांड्यांविषयी मात्र लिहिले पाहिजे. मोरीवरची ही दोन कामे नव्या बाथरूममध्ये शिरल्यामुळेच पुष्कळ ठिकाणी तेथे गर्दी झाली आहे. परसात धुण्याचा दगड व भांड्यांसाठी लहान मोरी ठेवता आली तर आतील खोली केवळ न्हाण्यासाठी मोकळी राहते. परस ज्यांना नाही अशा बारामती शहरातील सदनिकांत स्वयंपाकघराला लागून अर्धा मीटर रुंदीचा धुण्याचा सज्जा असतो. तो बंद करून खोलीत घेण्याची प्रथा पडली आहे, आणि मग धुणे न्हाणीघरात येते. एकीकडे मिळविलेली जागा दुसरीकडे गेली.

सांडपाण्याची वाट हा न्हाणीचाच भाग समजला जाई. मोरीच्या तोंडाशी केळ, अळू किंवा कर्दळ असे. एका बाजूने पाणी शोषले जाई आणि दुसऱ्या बाजूने झाडांची दाट पाने आडोशाचे काम करीत. मोरीचे पाणी कमी पडू लागले की अळू सुकते, हे पाहूनच घरातील पाण्याची ओढ कळे. आज गावठाणात घरे चिकटून उभी असल्याने केळीला जागा नसते. तेथे शोषखड्डा घ्यावा, आणि तो पाण्याच्या साठ्यापासून व पायापासून दूर असावा. जेथे दोन हात मोकळी जमीन आहे तेथे अळू लावण्यास अजूनही हरकत नाही. साबणाचे पाणी त्याला चालते. पण जंतुनाशक द्रव्यांचे तीव्र पाणी मात्र वेगळे काढावे.

शेवटी एका शब्दाचा उल्लेख राहिला. 'बाथरूम' मराठीत आल्यावर त्याचाही अर्थ बदलला. 'बाथरूमला जाऊन येतो' ह्या वाक्यात अंघोळीचा संबंध उरलेला नाही; लघुशंकेसाठी जाणे असा तो सौम्यार्थी प्रयोग आहे. पूर्वीच्या 'परसाकडे जाणे' ह्यातही जागेच्या नावाने क्रिया झाकली होती. परस हे घरामागचे अंगण. जागा गेली, संडास आला, तरी वृद्ध माणसे पक्क्या घरातही 'परसाकडे' जातात. जागेचे नाव तेथील क्रियेला एकदा चिकटले की जागा बदलल्यावरही ते कसे टिकते, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे. 'न्हाणी', 'मोरी', 'आडोसा', 'कोनाडा', 'वलणी' ह्या शब्दांची गावोगाव, वयपरत्वे व स्त्री-पुरुषपरत्वे नोंद घेताना शब्दाबरोबर त्या जागेची लांबी-रुंदी, दार कोणत्या बाजूस उघडते व पाणी कोठून येते-जाते, हेही टिपून ठेवले पाहिजे. नुसत्या अर्थाच्या रकान्यात ही माहिती मावत नाही, आणि ज्या गवंड्यांनी व गृहिणींनी ती तोंडी जपली त्यांची पिढी आता वृद्ध झाली आहे.